नवं रक्त कुठून आणायचं?

प्रश्न : आमचं गाव हिंगणी (ता. सेलू, जि. वर्धा), बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून. पुण्यात माझ्या मामेभावाकडे लेपर्ड गेकोची जोडी आहे. मलाही अशी जोडी घेऊन पैदास करायची आहे. विकणारा म्हणतो, ‘अफगाणिकस’, ‘मोंटेनस’ अशा शुद्ध उपप्रजाती घ्या, भाव चांगला येतो. पण एकाच रक्तात फिरत राहू नका, अधूनमधून नवं रक्त आणा. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात की रानात दगडांखाली अशीच ठिपक्यांची मोठी पाल असते. ती नवं रक्त म्हणून चालेल का? उलट घरी वडील गवळाऊ गाई पाळतात आणि त्यांचं म्हणणं, जात टिकवायची तर बाहेरचं रक्त आणायचंच नाही. मग खरं कोणाचं?

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन-चार प्रश्न आहेत, पण मुख्य गाठ एकच. विक्रेता नवं रक्त आणायला सांगतो, वडील त्याला मनाई करतात, आणि दोघांचंही बोलणं पटण्यासारखं आहे. पटतं, कारण दोघंही बरोबर आहेत. दोघांच्या डोळ्यांसमोरची कुंपणं वेगळी आहेत, एवढंच. एक कुंपण नात्याचं, दुसरं जातीचं. विक्रेता नात्याचं कुंपण ओलांडायला सांगतोय आणि वडील जातीचं ओलांडू नका म्हणतायत. पैदास करणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळाव्या लागतात आणि खरी अडचण तिथेच आहे.

आधी ही पाल नीट ओळखून घेऊ. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली चिकटून राहणाऱ्या पट्ट्या असतात आणि तिला पापण्या नसतात. लेपर्ड गेकोचं नेमकं उलटं आहे. तिच्या बोटांना साध्या नख्या असतात, त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही. तिला हलणाऱ्या पापण्या असतात आणि ती डोळे मिटून झोपते. शेपटीत चरबी साठवते, म्हणून धडधाकट पालीची शेपूट गाजरासारखी जाड दिसते. जिवावर बेतलं तर ही शेपूट ती टाकून देते. नंतर येणारी शेपूट आखूड आणि गुळगुळीत असते. ती रात्री फिरते आणि किडे खाते. विष तिच्यात अजिबात नसतं. तिचे कोट्यवधी रुपये मिळतात ही अफवाही ऐकली असेल. ईशान्य भारतात ‘टोके’ नावाच्या दुसऱ्या एका पालीबद्दल, ती एड्सवर औषध आहे, अशी अफवा उठली आणि त्या पालीची प्रचंड तस्करी झाली. औषध कुठलंच नव्हतं, पाली मात्र गेल्या. शेवटी २०१९ मध्ये टोकेला आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत घालावं लागलं.

आता उपप्रजातींकडे येऊ. जगभर घरांत पाळली जाते ती लेपर्ड गेको म्हणजे युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. एडवर्ड ब्लिथ कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक असताना त्यांनी १८५४ मध्ये तिला हे प्रजातीनाम दिलं. तिचं मूळ घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपला वायव्य भाग. पण याच गटातल्या इतर प्रजाती भारतात आहेत. महाराष्ट्र-गुजरात पट्ट्यातली फस्कस ही त्यांपैकी एक. तिला आधी मॅक्युलॅरियसची उपप्रजाती म्हणूनच नाव मिळालं होतं, पुढे स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. पूर्वेकडे ओडिशा-झारखंडच्या बाजूला हार्डविकाय आहे. २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेश व महाराष्ट्रातल्या सातपुड्यातून सातपुरेन्सिस ही नवी प्रजाती वर्णन केली. २०२२ मध्ये आंध्र प्रदेश आणि ओडिशातून पिक्टसची भर पडली. म्हणजे आपल्या देशातल्या या पालींची ओळख पटवण्याचं काम अजून चालूच आहे. परवापर्यंत जिला सगळे एकच समजत होते, ती बारकाईने पाहिल्यावर दुसरीच निघते.

उपप्रजाती म्हणजे एकाच प्रजातीतला, एका विशिष्ट भागात राहणारा आणि इतर भागांतल्या भाईबंदांपेक्षा सातत्याने थोडा वेगळा दिसणारा समूह. यातलं ‘विशिष्ट भागात’ हे सगळ्यांत महत्त्वाचं. उपप्रजातीचं नाव जागेवर उभं असतं. पाळीव लेपर्ड गेकोचे पूर्वज पाकिस्तानातून मोठ्या संख्येने युरोप-अमेरिकेत गेले. ते कुठल्या डोंगरातून पकडले याची नोंद बहुतेकदा व्यापाऱ्यांच्या हातातच संपली. मग ते एकमेकांत मिसळले आणि पुढे अनेक पिढ्या रंगासाठी निवडले गेले. अशा साठ्यातून आलेल्या पालीला आज कुणी ‘अफगाणिकस’ म्हणतो तेव्हा तो आकार आणि ठिपके पाहूनच म्हणत असतो. आता गंमत अशी की या पालींच्या पिल्लांच्या अंगावर आडवे पट्टे असतात आणि वाढत्या वयात ते मोडून ठिपके होतात. आकार खाण्यावर बदलतो. शिवाय मोंटेनस, अफगाणिकस, फॅसिओलाटस या उपप्रजातींच्या सीमा अभ्यासकांतही वादाच्या आहेत. तेव्हा नुसत्या दिसण्यावरून लावलेल्या नावासाठी जास्त पैसे मोजू नका. विक्रेत्याला एवढंच विचारा : हिचे रानातून आलेले पूर्वज कुठून, कोणत्या साली आले, आणि तेव्हापासून आजपर्यंतची आई-बापांची नोंद आहे का? नोंद असेल तर ती उपप्रजातीची वंशावळ मानता येईल. नसेल तर ती साधी पाळीव लेपर्ड गेको, आणि तशी म्हणून ती छानच असते.

यावरून रानातल्या पालीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर जवळपास मिळतंच. ती चालणार नाही. बोर अभयारण्याच्या हद्दीतून कुठलाही वन्य जीव उचलून नेणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २९ खाली गुन्हा आहे. पण समजा कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी जीवशास्त्र तुमच्या विरोधात आहे. हिंगणीच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि पश्चिमेकडे फस्कसचा पट्टा. तुमच्या शिवारात ठिपक्यांची पाल दिसलीच, तर ती पाळीव मॅक्युलॅरियसपेक्षा वेगळ्या प्रजातीची असणार, असंच धरून चालावं. तिची जोडी पाळीव पालीशी लावणं म्हणजे वडिलांनी सांगितलेलं जातीचं कुंपण मोडणं. यातून नवं रक्त मिळत नाही. दोन वेगळ्या वाटांनी लाखो वर्षं घडत आलेल्या जिवांची सरमिसळ होते आणि पिल्लाला ना इकडचं नाव देता येतं ना तिकडचं. दुसरा धोका रोगाचा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा आतड्यातला परजीवी लेपर्ड गेकोंमध्ये पसरतो. पाल खाते पण खंगत जाते, शेपटीची चरबी विरून ती काडीसारखी होते, आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. रानातून घरात किंवा घरातून रानात असे जीव हलवले की असे पाहुणेही हलतात. म्हणून पाळलेली पाल नकोशी झाली तरी बोरच्या जंगलात सोडू नका, हेही याच ठिकाणी आग्रहाने सांगतो.

आता नात्याचं कुंपण. बहीण-भावाची जोडी लावली की वेडीवाकडी पिल्लं निघतात, असा सर्वसाधारण समज आहे. तसं सहसा होत नाही आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती जिवाकडे असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पुष्कळ सदोष प्रती शेजारच्या चांगल्या प्रतीमुळे झाकलेल्या राहतात. सख्ख्या बहीण-भावांकडे एकाच आई-बापांच्या प्रती असल्यामुळे त्यांच्या पिल्लात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता २५ टक्के होते. बाप-लेकीच्या जोडीचाही आकडा तोच, सावत्र बहीण-भावांचा त्याच्या निम्मा. पहिल्या खेपेला पिल्लं ठणठणीत दिसतात. मग तीच जोडी पुन्हा, त्यांच्या पिल्लांची जोडी पुन्हा, असं चालू राहतं आणि तोटा हळूहळू दिसू लागतो. अंडी रिकामी निघतात, पिल्लं कमी वाढतात, माद्या कमी वेळा अंडी घालतात. तोपर्यंत मागे फिरायला वेगळं रक्त हाताशी उरलेलं नसतं.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमच्यासारखे नवे पाळणारे नेमके यातच फसतात. पांढुरक्या, गुलाबी डोळ्यांच्या दोन अल्बिनो पाली एकत्र ठेवल्या तर पिल्लं अल्बिनोच होणार, असं वाटतं. लेपर्ड गेकोंमध्ये मात्र अल्बिनोचे तीन वेगळे वाण आहेत, ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल, ज्यांच्याकडे ते निघाले त्यांच्या नावांवरून. दिसायला पुष्कळ सारखे, पण प्रत्येकाचा दोष वेगळ्या ठिकाणी. ट्रेम्परची जोडी बेलशी लावली तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही ठिकाणी एकेक चांगली प्रत मिळते आणि सगळी पिल्लं साध्या, पिवळ्या-काळ्या रंगाची निघतात. पाळणारा चक्रावतो. त्याला वाटतं, विक्रेत्याने फसवलं. खरा घोटाळा पुढच्या पिढीत होतो. ही साधी दिसणारी पिल्लं आपल्या पोटात दोन्ही दोष घेऊन फिरतात. ती विकली गेली, त्यांची नोंद कुणी ठेवली नाही, की पुढे जन्मणारा एखादा अल्बिनो ट्रेम्पर आहे की बेल हे कुणालाच सांगता येत नाही. एका बेफिकीर जोडीमुळे दोन स्वच्छ वंशावळी एकाच वेळी गढूळ होतात. वेगवेगळं रक्त मिसळलं म्हणजे विविधता वाढली, असं दरवेळी नसतं. ते मिसळण्याआधी वेगळं होतं आणि कुठे वेगळं होतं याची नोंद असेल, तरच त्या विविधतेचा पुढे उपयोग होतो.

रंगाच्या मागे लागल्याचं सर्वांत दुःखद उदाहरण ‘लेमन फ्रॉस्ट’ या वाणाचं आहे. अमेरिकेत २०१५ च्या सुमारास एका पाळणाऱ्याकडे लिंबाच्या सालीसारखा फिका, चमकदार रंग असलेलं एक पिल्लू निघालं. लोक त्या रंगावर लुब्ध झाले आणि त्याच्यापासून भराभर वंश वाढवला गेला. काही काळाने या पालींच्या अंगावर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की हा रंग आणि या गाठी एकाच जनुकाच्या परिसरातून येतात. रंग वेगळा आणि रोग वेगळा काढता येत नाही. अभ्यासलेल्या लेमन फ्रॉस्ट पालींपैकी ८० टक्क्यांहून अधिकांना वयाच्या सहा महिन्यांपासून पाच वर्षांच्या आत अशा गाठी आल्या. त्या जनुकाचा माणसाच्या त्वचेच्या कर्करोगाशी संबंध असल्यामुळे संशोधनाला मोलाची माहिती मिळाली, पण पाळीव पालींच्या दृष्टीने पाहिलं तर एका जिवाचा दोष हजारोंच्या गळ्यात बांधला गेला. ‘एनिग्मा’ वाणाचंही असंच. त्या पाली डोकं वाकडं करतात, गोल गोल फिरत राहतात. कुणी हे दोन वाण स्वस्तात देत असेल, तर कृपा करून घेऊ नका.

आता एक गोष्ट, जी हिंगणीच्या उन्हाळ्याशी थेट जोडलेली आहे. या पालींच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे अंड्याला मिळालेल्या उष्णतेवर ठरतं. सुमारे २६ अंशांना जवळजवळ सगळ्या माद्या, ३२.५ अंशांना बहुतेक नर, आणि ३४ अंशांना पुन्हा बहुतेक माद्या. त्याहून वर गेलं की गर्भ जगत नाही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वीज गेली तर काय होईल, याचा विचार आधी करा. पण मुद्दा केवळ अंडी वाचवण्याचा नाही. पाळणारे बहुतेकदा माद्याच काढतात, कारण एका नरावर अनेक माद्या भागतात आणि दोन नर एकत्र ठेवले तर जीव जाईपर्यंत भांडतात. म्हणजे दहा माद्या, एक नर. शिवाय मादी एकदा मिळालेलं शुक्र पुढच्या अंड्यांसाठी साठवून ठेवते. नर बदलल्यावरही आधीच्याच बापाची पिल्लं निघू शकतात आणि नोंद चुकते. आता या एकाच नराचा हिशोब पाहू, आणि तो हिशोब मी गेकोवर न मांडता तुमच्या गोठ्यावर मांडतो, कारण तिथे तो जास्त मोलाचा आहे.

गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची आपली जात. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा तिचा मूळ पट्टा. पांढरी गाय, मानेवर आणि वशिंडावर राखी झाक असलेला सांड, हलकं अंग, लांब अरुंद तोंड, आखूड शिंगं. धावण्यात चपळ, म्हणून गाडीला आणि दूरच्या वाटेला तिच्या बैलांना पूर्वी मोठी मागणी होती. कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास क्षेत्र आहे. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याला गोसेवा संघ उभा केला. गाय हा विषय या जिल्ह्यात किती गांभीर्याने घेतला गेला आहे, हे यावरून कळावं. मग संकरित गाई आल्या, ट्रॅक्टर आले, चराई आक्रसली. एका वेताला पाच-सातशे किलो दूध देणाऱ्या गाईपेक्षा जर्सी-होल्स्टीनच्या संकराला पसंती मिळाली. गावाच्या कळपात जर्सीचं रेत वर्षानुवर्षं वापरलं की चार पिढ्यांत गवळाऊ नावापुरती उरते. वडिलांच्या ‘बाहेरचं रक्त नको’ या आग्रहामागे हा अनुभव आहे. तो आग्रह त्यांनी सोडू नये.

पण गणित ऐका. समजा गावात शुद्ध गवळाऊच्या चाळीस गाई आहेत आणि सांड एकच. डोकी एक्केचाळीस दिसतात. आनुवंशिकतेच्या हिशोबात मात्र पुढच्या पिढीचं निम्मं रक्त त्या एकाच सांडाचं असतं. म्हणून शास्त्रज्ञ ‘परिणामी संख्या’ काढतात : गाई आणि सांड यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करायची आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. चाळीस गाई, एक सांड : १६० भागिले ४१, म्हणजे चारलाही थोडा कमी. गाई चारशे केल्या तरी आकडा चारच्या वर जात नाही. दर पिढीला रक्त किती आवळतं हे काढायला १ ला या आकड्याच्या दुपटीने भागायचं. चारच्या हिशोबाने ते सुमारे साडेबारा टक्के होतं, म्हणजे सगळा कळप एकाच पिढीत सावत्र भावंडांच्या जोडीइतका जवळ येतो. सांड चार केले तर आकडा साडेचौदावर जातो आणि आवळ साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. पैदासशास्त्रात दर पिढीला एक टक्क्याहून जास्त आवळ नको, म्हणजे परिणामी संख्या किमान ५० हवी, असा ठोकताळा १९८० पासून सांगितला जातो. अशा तीन गावांच्या मिळून एकशेवीस गाई धरल्या, तर ५० गाठायला चौदा सांड लागतील. एकट्या हिंगणीला ते पेलणार नाही. हिंगणी, केळझर, झडशी अशी गावं मिळून विचार करतील तर पेलेल.

म्हणूनच विक्रेत्याचं वाक्य वडिलांच्या गोठ्यात खरं ठरतं. नवं रक्त हवंच, पण ते गवळाऊचंच, फक्त नात्याबाहेरचं. दुसऱ्या तालुक्यातला, ज्याचे आई-बाप तुमच्या कळपाशी लागत नाहीत असा गोऱ्हा, किंवा महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या यंत्रणेतून मिळणारी गवळाऊची रेतमात्रा. रेतमात्रेच्या बारीक कांडीवर सांडाचा क्रमांक छापलेला असतो. गाय भरवून झाली की ती कांडी फेकून दिली जाते आणि तिच्याबरोबर बापाचं नावही जातं. तो क्रमांक वहीत उतरवून घ्या. गाईच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावरचा बारा अंकी क्रमांक समोर लिहा. वासराला बिल्ला लागला की त्याचा क्रमांक त्याच ओळीत. एवढ्या तीन आकड्यांतून पुढची पन्नास वर्षं उपयोगी पडेल अशी वंशावळ तयार होते. मोठी प्राणिसंग्रहालयंही हेच करतात. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था दुर्मीळ प्राण्यांच्या राष्ट्रीय वंशनोंदी तयार करते. कुणाची जोडी कुणाशी लावायची हे ठरवताना पाहायचं एकच : ज्या जनावराचे नातलग कळपात सगळ्यांत कमी, त्याची पिल्लं आधी वाढवायची. देखणं जनावर पुढे आणि साधं मागे, ही आपली सवय नेमकी इथे नडते.

पालींच्या बाबतीत माझं मत विचाराल तर आवड म्हणून एखादी पाल, नोंद असलेल्या पाळणाऱ्याकडून, घरात जन्मलेली घ्या. ती पंधरा-वीस वर्षं तुमच्या सोबतीला असेल. घेण्यापूर्वी वर्ध्याच्या वनविभागाच्या कार्यालयात लेखी विचारून सध्याचा नियम समजून घ्या. विक्रीसाठी पैदास मात्र करू नये असं मला मनापासून वाटतं. मादी एका वेळी दोनच अंडी घालते, पण हंगामात अनेकदा घालते. एका जोडीची दहा-बारा पिल्लं सहज होतात आणि प्रत्येक नराला वेगळं घर लागतं. वेगवेगळ्या वंशावळी सांभाळायच्या म्हणजे अशा अनेक जोड्या, त्यांची तापमानं, त्यांच्या वह्या. ज्या गोष्टीसाठी जगात हजारो लोक आहेत तिथे एकाची भर पडून फारसं काही बदलणार नाही. गवळाऊसाठी जिल्ह्यात मोजकीच घरं उरली आहेत आणि त्यातलं एक तुमचं आहे.

तेव्हा सांडाबद्दलचा हिशोब लगेच करून टाका. सांड गावात आल्यावर साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी त्याची पहिली वासरं होतात. त्यांतल्या कालवडी अडीच-तीन वर्षांच्या झाल्या की माजावर येऊ लागतात. म्हणजे सांड येऊन सव्वातीन वर्षं झाली की तो स्वतःच्या लेकींना लागण्याची वेळ येते. त्याआधी तो हलवायचा. विकून टाकायची गरज नाही : हिंगणीचा सांड केळझरला, केळझरचा झडशीला, झडशीचा हिंगणीला, असा फेर धरला तर तीन गावांच्या तीन सांडांवर नऊ-दहा वर्षं निघतात आणि कुठेही बाप-लेकीची गाठ पडत नाही. फेर पूर्ण होईपर्यंत हेटीकुंडीच्या किंवा दुसऱ्या तालुक्यातल्या वेगळ्या रक्ताच्या गोऱ्ह्यांची सोय झालेली हवी. गोऱ्हा दीड-दोन वर्षांचा असतानाच बोलून ठेवावा लागतो, नाहीतर तो खच्ची करून औताला लावलेला असतो. तेव्हा त्या गावांतल्या गोपालकांशी बोलणी पोळ्याच्या आसपास करा. त्या दिवशी सगळी जनावरं एकत्र पाहायला मिळतात आणि कोणाचा गोऱ्हा कोणाच्या गाईचा, हे सांगणारी माणसंही तिथेच भेटतात.